यतीनभाई आणि शांतीची टेप

यतीनभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सर्व्हरच्या खोलीबाहेर चपला काढत होते. मला वाटलं, आत सत्यनारायण घातलाय की काय. डोकावले तर नुसता एसीचा गारठा, एक लोखंडी रॅक आणि हिरवे दिवे लुकलुकणारी तीन-चार काळी खोकी. यतीनभाईंनी रुमालाला हात पुसले, आत गेले आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. ह्या माणसाशी आपलं काही जमायचं नाही, असं मी त्याच दिवशी घरी जाऊन सांगितलं होतं. आज त्यांच्याविषयी कुणी वाकडा शब्द काढला तर पहिली मी अंगावर धावून जाते.

आमचं स्कॅन सेंटर हाटकेशमध्ये आहे. पुढे सोसायट्या, मागे कारखान्यांचे गाळे. मागे कुणी मोठं मशीन चालू केलं की आमचे दिवे क्षणभर मंद होतात. मी पुढच्या काउंटरवर बसते. नाव विचारायचं, रिपोर्ट हातात द्यायचे आणि ‘अजून किती वेळ?’ ह्या प्रश्नाला दिवसभर गोड आवाजात उत्तर द्यायचं, हे माझं काम. गोड आवाज साधारण जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतो. यतीनभाई सर्व्हर सांभाळतात. यतीन दिवेकर हे पूर्ण नाव, मूळचे गिरगावचे. फोर्टातल्या एका बँकेत त्यांची उमेदीची वर्षं संगणकाच्या टेपांच्या खोलीत गेली. बँकेने ती खोलीच बंद केली, तेव्हा घराजवळचं काम म्हणून ते आमच्याकडे आले. ‘भाई’ ही पदवी समोरच्या मेडिकलवाल्या गुजराती शेठने दिली आणि ती चिकटली. एरवी त्यांच्यात भाईगिरीचा थेंब नाही. रिक्षावाल्याने रिक्षा चुकीच्या गल्लीत घातली तरी हा माणूस पुढचं वळण येईपर्यंत गप्प बसतो.

बोलायला अत्यंत काटकसरी. पण एक वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की सेंटरमधल्या सगळ्यांना ते पाठ आहे. काहीही बंद पडलं की ते म्हणतात, “आधी ते काय म्हणतंय ते वाचू.”

एकदा माझा प्रिंटर सारखा कागद खायला लागला. मी आधी दार उघडझाप केली, मग बटणं दाबली, मग एक फटका दिला. यतीनभाईंनी तो फटका पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी कळ उमटली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. प्रिंटरकडे न बघता ते माझ्या खुर्चीत बसले आणि स्क्रीनवर काहीतरी वाचत राहिले. इकडे रिपोर्टसाठी माणसं ताटकळत होती आणि माझा पारा चढत होता.

“संचिताताई,” ते अखेर म्हणाले, “बुधवारपासून अडकतोय. आणि फक्त खालच्या ट्रेमध्ये. बुधवारी खालच्या ट्रेत काय बदललं?”

बुधवारी मी कागदांचं नवीन बंडल उघडलं होतं. ते बंडल एसीच्या खाली ठेवलेलं, आणि एसी ठिबकत होता. कागद दमट झाले होते. यतीनभाईंनी ते काढून बाजूला ठेवले, कोरडे घातले आणि निघून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे मला उलट बोलायलाही काही मिळालं नाही.

हीच त्यांची रीत. कुठल्याही यंत्रापुढे बसले की ते दोनच गोष्टी शोधतात: हे कधीपासून सुरू झालं, आणि तेव्हा काय बदललं. सर्व्हरच्या आत ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्राम असतो, त्याचं त्यांना फार कौतुक. सर्व्हर म्हणतो ‘वाच’. ड्रायव्हर तो निरोप यंत्राला देतो. यंत्र म्हणतं ‘वाचलं’ किंवा ‘जमलं नाही’. हे सगळं बोलणं ड्रायव्हर वेळेसकट लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. मी विचारलं, “म्हणजे सासू-सुनेचं बोलणं शेजारीण लक्षात ठेवते तसं?”

ते हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, “हो. पण ही शेजारीण तिखटमीठ लावत नाही.”

सकाळी चहाबरोबर लोक पेपर वाचतात, यतीनभाई लॉग वाचायचे. वाचायचे म्हणते, कारण मध्यंतरी सेंटरमध्ये बॅकअपचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि ते रोज यतीनभाईंच्या फोनवर हिरवी खूण पाठवायला लागलं. सगळं ठीक, अशी ती खूण. मग हळूहळू चहाबरोबरचं वाचन सुटलं. हिरवी खूण आल्यावर आत कोण बघतं!

सर्व्हरच्या खोलीचे त्यांचे नियम मात्र कडक. चहा आत न्यायचा नाही. उदबत्ती तर नाहीच नाही, धुराने यंत्राचा श्वास कोंडतो म्हणे. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. सफाईवाल्या मावशींना त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं की मावशी त्या खोलीला देवघर म्हणायच्या. एक दिवस मात्र अपवाद. खंडेनवमीला यतीनभाई अंघोळ करून, झब्बा घालून यायचे आणि स्कॅनच्या मशीनपासून माझ्या प्रिंटरपर्यंत सगळ्यांची पूजा स्वतःच्या हाताने करायचे. घाई नाही, गडबड नाही. ज्याच्यावर आपलं पोट आहे त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या दिवशी ते मला फार आवडायचे.

आता शांतीबद्दल सांगते, कारण ही सगळी गोष्ट तिच्या छातीतल्या एका गाठीची आहे.

शांती उत्तनची कोळीण. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी मासे घेऊन बसते. दिवाळी उलटली की तिच्या टोपलीत सुके बोंबील येतात. यतीनभाई तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. हे कमी बोलणारे आणि ती तोंडाळ, त्यामुळे दोघांचा व्यवहार सुरळीत चालायचा: ती बोलायची, निवडायची, बांधून द्यायची, हे मान हलवायचे. काही वर्षांपूर्वी तिचा टेम्पो उत्तनच्या रस्त्यावर कलंडला, बरगड्या मोडल्या, तेव्हा तिचा छातीचा स्कॅन आमच्याकडेच झाला होता. बरगड्या जुळल्या, ती पुन्हा टोपली घेऊन बसायला लागली आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिला खोकला लागला, तो जाईचना. एक्स-रेमध्ये काहीतरी दिसलं म्हणून स्कॅन केला. आमच्या कृतिका मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, त्यांनी स्कॅन पाहिला आणि शांतीला आत बोलावलं. तिच्याबरोबर कुणी नव्हतं म्हणून मी आत गेले.

“फुप्फुसात एक बारीक गाठ आहे,” मॅडम म्हणाल्या. “घाबरायचं नाही. गाठ जुनी असेल आणि एवढ्या वर्षांत वाढली नसेल, तर तिला हातसुद्धा लावायचा नाही. नवी असेल तर मात्र सुई घालून तुकडा काढून तपासावा लागेल. लगेच.”

“सुई न्हाय लावायची,” शांती म्हणाली.

तिच्या नवऱ्याला अशीच सुई लावली होती. नंतर तो घरी आला तो महिनाभरच. आजार आधीच पसरला होता, सुईचा दोष नव्हता, हे मॅडमनी तिला तीन तऱ्हांनी समजावलं. शांती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, पण ती मान ‘कळलं’ म्हणून हलत नव्हती.

मॅडमनी विचारलं, “जुनी फिल्म आहे का घरी? टेम्पोच्या वेळची?”

शांतीने जीभ चावली. “ती पोरांनी गिराण बघायला कापली.”

उत्तनच्या अर्ध्या आळीने म्हणे त्या फिल्मच्या तुकड्यांतून सूर्यग्रहण पाहिलं होतं. तसं बघणं डोळ्यांना धोक्याचं असतं, हे मॅडमच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. जुन्या रिपोर्टात नुसतं बरगड्यांविषयी लिहिलेलं. तेव्हा बघणाऱ्याला गाठ दिसली नव्हती, की ती नव्हतीच, हे चित्रं पाहिल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. आणि ती चित्रं फक्त एका ठिकाणी होती. नवे स्कॅन हल्ली दुसऱ्या सोयीने साठवतात, पण जुने सगळे यतीनभाईंच्या कपाटात टेपांवर आहेत.

“बघ शांती,” मी म्हटलं, “आपल्याकडे तुझी टेप आहे. ती काढू. त्यात गाठ असली तर प्रश्नच मिटला. नसली तर?”

तिने बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा केला. “नसली तर लावीन सुई. पण आधी मना ते जुनं दाखवा. न्हायतर मी येयाची न्हाय.”

तिने शब्द दिला होता, आणि ती शब्दाची पक्की होती. दोन्ही बाजूंनी. टेप निघाली नाही तर ती सुईला येणार नव्हती, मग ती गाठ कसलीही असो. तिला दोन लेकी आहेत, मला त्यांचे चेहरे दिसायला लागले.

यतीनभाईंनी कपाटातून टेप लगेच काढली. ह्या टेपा म्हणजे आपल्या जुन्या कॅसेटसारख्याच, पण चौकोनी आणि जाड. त्यांनी ती टेप ड्राइव्हमध्ये सरकवली. टेप ड्राइव्ह हे ती वाचणारं यंत्र. समोर एक फट असते, तिला झडप असते, आणि टेप आत खेचून घेतली की घरघर सुरू होते. मी आणि मॅडम दारातून बघत होतो, चपला बाहेर काढून. घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. मग स्क्रीनवर लाल पट्टी आली. टेप वाचता येत नाही.

यतीनभाईंनी टेप काढली, उलटसुलट पाहिली, पुन्हा घातली. पुन्हा लाल पट्टी.

“अजून एकदा घालून बघा,” मॅडम म्हणाल्या.

“नाही, मॅडम.”

एवढ्या वर्षांत मॅडमना ‘नाही’ म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी टेप बाहेर काढली, डबीत ठेवली आणि डबी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

“का अडकतंय ते कळल्याशिवाय ही पुन्हा आत जाणार नाही. चित्रांची ही एकच प्रत आहे. आतलं काही बिघडलेलं असेल तर दर वेळी टेप खराब होत जाईल.”

मॅडमना राग आला होता, ते दिसलं. त्या चांगल्या आहेत, पण त्यांच्या डोक्यात शांतीचं ‘येयाची न्हाय’ घुमत होतं. माझ्याही. खरं सांगते, त्या क्षणी मला यतीनभाईंचा भयंकर वैताग आला. एवढ्या निवांतपणे कुणी कसं उभं राहू शकतं, हे मला समजत नव्हतं.

मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या कुलदीपला फोन लावला. तो फोनवरच निकाल देऊन मोकळा झाला. “भाई, टेप पुराना है, गया समझो. और आपके एरिया में व्होल्टेज का लफडा है, पीछे गाला है ना. नया ड्राइव्ह मंगाओ, लेकिन ये मॉडेल आने में टाइम लगेगा.” किती टाइम, विचारलं तर म्हणाला, नवीन वर्षात बघू.

यतीनभाईंनी त्याचे आभार मानले. मग खोलीबाहेरच्या स्टुलावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाले, “आधी ते काय म्हणतंय ते वाचू.”

माझा त्या दिवसाचा गोड आवाज संपला होता. “वाचा,” मी म्हटलं, “तोवर शांती पळून जाईल.”

पण मी चहा आणून दिला आणि तिथेच उभी राहिले, कारण काउंटरवर बसून माझ्याने राहवेना. स्क्रीनवर आकडे आणि इंग्रजी ओळींची नुसती रांग होती. यतीनभाई बोट लावून एकेक ओळ वाचत होते, आणि मी तिथे उभी आहे हे बघून, बहुधा माझ्या समाधानासाठी, मोठ्याने विचार करायला लागले.

“टेप खराब असती तर दोन्ही वेळा एकाच जागी अडखळली असती. इथे पहिल्यांदा एका जागी अडखळलीय, दुसऱ्यांदा भलतीकडेच.”

“मग वायर?”

“वायर सैल असती किंवा वीज गेली असती तर मध्येच बोलणं तुटलं असतं, तसं इथे लिहिलं असतं. इथे ड्राइव्ह शेवटपर्यंत उत्तर देतोय. प्रामाणिकपणे सांगतोय, की मला वाचता येत नाही.”

“मग काय राहिलं?”

“त्याची नजर.” टेपवरचं वाचणारा ड्राइव्हच्या आतला एक चिमुकला भाग असतो, त्याला हेड म्हणतात. ते त्याच्याविषयी बोलत होते.

खात्री करायला त्यांनी एक रद्दी टेप आणली, जिच्यावर जपण्यासारखं काही नव्हतं. ती घातली. तीही अडखळली. म्हणजे शांतीच्या टेपचा दोष नव्हता. एवढं कळल्यावर मला जरा श्वास घेता आला. मॅडमनाही जाऊन सांगितलं.

यतीनभाई मात्र लॉगमध्ये मागे मागे जात होते. सेंटरचे हिशेब दर शनिवारी टेपवर उतरवले जातात, त्यामुळे दर शनिवारची नोंद होती. प्रत्येक शनिवारी ड्राइव्हने एकच विनंती केली होती: मला साफ करा. काम तो करत होता, अडखळत, पुन्हापुन्हा प्रयत्न करून, पण शेवटी पुरं करत होता. म्हणून वरचं सॉफ्टवेअर हिरवी खूण पाठवून मोकळं होत होतं. ड्राइव्हची तक्रार फक्त ड्रायव्हरने ऐकली होती आणि लिहून ठेवली होती.

“वर्षा-दीड वर्षातून एकदा मागतो तो सफाई,” यतीनभाई म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “हा दर आठवड्याला मागतोय. आणि मी वाचलं नाही.”

ते वर सरकत गेले. शनिवार, शनिवार, शनिवार. मग एका शनिवारच्या वर, म्हणजे त्याच्या आधी, सगळं स्वच्छ. एक तक्रार नाही.

“ऑक्टोबरातला पहिला शनिवार. त्याच्या आधी काय बदललं, संचिताताई?”

मी फोन काढून कॅलेंडर बघितलं. “काही नाही. दसरा होता गुरुवारी. सुट्टी.”

यतीनभाईंनी स्क्रीनवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघांनी एकदमच तोच विचार केला असावा, कारण मी ग्रुपवरचे खंडेनवमीचे फोटो उघडले तेव्हा त्यांनी हात आधीच पुढे केला होता. फोटोत यतीनभाई झब्ब्यात, हातात तबक. मागे रॅक, रॅकवर झेंडूची माळ. त्यांनी फोटो मोठा केला. टेप ड्राइव्हच्या बरोब्बर तोंडावर, झडपेच्या वर, हळद आणि कुंकवाची दोन ठसठशीत बोटं. वर अक्षता.

“दर वर्षी टेपांच्या कपाटाला लावतो,” ते म्हणाले. “ह्या वर्षी ह्याचा सगळ्यांत जुना म्हणून मान ठेवला. खास ह्याला लावलं.”

त्यांनी टॉर्च आणला, आत गेले, झडप नखाने उचलून बघितलं. मलाही दाखवलं. झडपेच्या आतल्या कोपऱ्यांत लाल भुकटी बसलेली होती. यंत्र गरम होऊ नये म्हणून आतला पंखा हवा खेचत असतो, आणि हवेबरोबर तोंडावरचं कुंकू आठवडेच्या आठवडे आत जात राहिलं होतं. चहाचा कप आत येऊ न देणाऱ्या, उदबत्तीला दारातून परत पाठवणाऱ्या माणसाने ते स्वतःच्या बोटांनी लावलं होतं.

मला हसू आलं असतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. ते जमिनीवर बसले होते. “कुंकवात बारीक खरखरीत कण असतात,” ते म्हणाले. “मी तिची टेप त्यातून दोनदा फिरवली.”

मग ते उठले आणि चपला घालून बाहेर निघाले. शांती बाकावर बसली होती, रिकामी टोपली पायाशी ठेवून. मी मागून धावले. “यतीनभाई, आत्ता कशाला सांगताय? आधी साफ करून बघा. वाचली टेप तर सांगायची गरजच नाही.”

“टेप तिची आहे,” ते म्हणाले.

आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. बाकावर तिच्या शेजारी बसून, एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पूजा, कुंकू, पंखा, दर शनिवारची न वाचलेली तक्रार, दोनदा घातलेली टेप. आता साफ करणार आहे, पण टेपला ओरखडा गेला असला तर ती वाचायची नाही, आणि तो दोष माझा, असं ते म्हणाले.

शांतीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. गिऱ्हाइकाने बोंबलाला नाव ठेवलं तरी ही अख्खी गल्ली डोक्यावर घेते.

“पूजाच केलीव ना?” ती म्हणाली. “आमी पन होडीला करतंव. नारळ फोडतंव, पानी इंजनात गेलं तर इंजन बंद परतं. मंग पुसतंव आनि जातंव.” तिने टोपली बाकाखाली सरकवली. “तुमी पुसा. मी बसलंय.”

यतीनभाई उठले ते सावकाश. रॅकमधून ड्राइव्ह काढून त्यांनी तो स्वच्छ टेबलावर ठेवला, वरचा पत्रा खोलला. कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश त्यांच्याकडे होता. कोपऱ्याकोपऱ्यातली लाल भुकटी त्यांनी टिपून काढली. हेडला बोटसुद्धा लागू दिलं नाही. पांढऱ्या फडक्यावर गुलाबी डाग पडत होते, ते कमी होत होत थांबले. मग ड्राइव्ह जागेवर बसवला आणि सफाईची खास टेप आत घातली. ती टेप कपाटात मूळच्या कागदात तशीच गुंडाळलेली होती, आमच्या आयांनी चांगली साडी ठेवावी तशी. घरघर झाली आणि ती बाहेर आली. मग रद्दी टेप. लॉगमध्ये ओळी पडायला लागल्या. यतीनभाई वाचत होते, मी त्यांचा चेहरा वाचत होते.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“वाचलं म्हणतोय.”

त्यांनी रद्दी टेप आणखी एकदा पूर्ण फिरवून घेतली. ह्या वेळी मी घाई करा म्हटलं नाही. मग त्यांनी डबी उघडली आणि शांतीची टेप झडपेशी नेली. हात थांबला. त्यांनी डोळे मिटले असावेत, मला पाठमोरे दिसत होते. टेप आत गेली.

सुरुवात ठीक झाली. मग एका जागी घरघर थांबली, टेप मागे गेली, पुन्हा पुढे आली. लॉगमध्ये एक तक्रार पडली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दुसरी तक्रार. यतीनभाई स्क्रीनकडे बघून पुटपुटले, “घे, सावकाश घे. घाई नाही.” एवढ्या मायेने ते घरच्यांशी तरी बोलत असतील का, कोण जाणे. तिसऱ्या खेपेला टेप त्या जागेवरून पुढे सरकली आणि मग शेवटपर्यंत थांबली नाही.

कृतिका मॅडमनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. शांतीला त्यांनी स्वतःच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. जुन्या चित्रांत छातीचा एकेक काप पुढे सरकत गेला. मोडलेल्या बरगड्या आल्या, गेल्या. मग मॅडम थांबल्या. त्यांनी माप घेतलं. नव्यावर घेतलं. पुन्हा जुन्यावर घेतलं.

“ही बघ,” त्यांनी बोट ठेवलं. “तेव्हा एवढी. आता एवढीच. इतक्या वर्षांत केसभर वाढली नाही. हिला काही करायचं नाही, शांती. खोकल्याचं औषध देते.”

शांतीने स्क्रीनवरच्या त्या ठिपक्याकडे निरखून पाहिलं. “ही तवापासून हाय माझ्याबरोबर?” तिने विचारलं. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिला धरलं आणि मलाही रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. यतीनभाई दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि लगेच त्या टेपची दुसरी प्रत काढायला निघून गेले. त्या आठवड्यात त्यांनी कपाटातल्या सगळ्या जुन्या टेपांच्या प्रती काढायला घेतल्या. सकाळच्या चहाबरोबरचं वाचनही पुन्हा सुरू झालं. फोनवर हिरवी खूण येते, ती ते बघतात आणि तरीही आतलं वाचतात.

पुढची खंडेनवमी आली. यतीनभाई झब्बा घालून आले. स्कॅनच्या मशीनच्या बाहेरच्या कठड्याला, माझ्या टेबलाला, कपाटाला कुंकू लावलं. सर्व्हरच्या खोलीशी पोचल्यावर त्यांनी उंबऱ्याबाहेर एक झेंडूचं फूल ठेवलं, लांबूनच हात जोडले आणि तबक घेऊन मागे वळले. सफाईवाल्या मावशींना ते काही बरं वाटलं नाही. देवघराचीच पूजा चुकली, असं त्या कुजबुजल्या.

तेवढ्यात शांती आली, झेंडूची पिशवी घेऊन. लेकीच्या दारातली फुलं होती म्हणे. तिने उंबऱ्यावरचं एकटं फूल पाहिलं, यतीनभाईंच्या हातातलं तबक पाहिलं.

“मशीनला लावलं न्हाय?”

“नाही. आत खेचतं ते.”

शांतीने पिशवी माझ्याकडे दिली, हात पदराला पुसले आणि तबकातलं कुंकू बोटावर घेतलं. यतीनभाईंना काही कळायच्या आत तिने ते त्यांच्या कपाळावर लावलं, चांगलं ठसठशीत. वर चार अक्षता टाकल्या.

“हितं चालंल ना?” ती म्हणाली.

यतीनभाईंनी तबक माझ्या टेबलावर ठेवलं आणि लॅपटॉप उचलला.

त्या दिवशी ते सर्व्हरच्या खोलीत एकदाही गेले नाहीत. दिवसभर बाहेरच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि आतलं सगळं काम बाहेरूनच करत होते. कपाळ पुसलं असतं तर जाता आलं असतं. मी तसं त्यांना म्हटलंही. त्यांनी मान हलवली आणि पुसलं नाही.